शेरा

मेडिकल चौकातल्या सभागृहात
कूलरची ताटी दोनलाच कोरडी पडली.
बाहेर सेहेचाळीस. आत मतं देणारी बावीस माणसं,
आणि पडद्यावर त्रेसष्ट ओळी:
पीयूषिकेची गाठ काढल्यावर
बरं झालं म्हणजे नेमकं काय झालं,
हे कशाकशानं मोजायचं.

ग्रंथी वाटाण्याएवढी. वाट नाकातून.
एकजण तीन महिन्यांनी तपासतो, दुसरा वर्षानं,
एकाचा गज, दुसऱ्याचा वार,
आणि कापड कुणाचंच जुळत नाही.

मी टिपण घेणारी. मला मत नाही.
एक ते नऊ गुण,
सातच्या वर देणारे सत्तर टक्के भरले
तर ओळ राहते.

नजर राहिली, वादच नव्हता.
संप्रेरकं राहिली. उरलेली गाठ राहिली.
नाकातून झिरपणारं मेंदूभोवतीचं पाणी राहिलं,
फक्त थेंबाला गळती कधीपासून म्हणायचं
यावर डॉ. किनखेडे आणि डॉ. उमाळकर
चहावर साय धरेपर्यंत भांडले.

तहानेशी अडलं.
मे महिन्यात इथं तहान कोणाला नसते हो?
हशा झाला.
मागून दौलत सहारे, ऑटोवाले, उभे राहिले:
"साहेब, राती सात खेपा उठून माठ उपसनं,
अन् सवारी अर्ध्यात थांबवून भिंत शोधनं,
तिले तहान म्हनतो मी.
बायको दाराशी आडवी झोपे. मी अंधारात पडन म्हनून."
सत्त्याहत्तर टक्के.

ओळ एकेचाळीस: वास.
पहिल्या फेरीत पंचेचाळीस.
अनसूया हेडाऊ उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या.
तांडापेठेत तीस वर्षं साओजी मसाला करून विकतात.
"मले दिसते सारं. गाठ गेली, चांगलंच झालं.
पन खसखस भाजताना कवा करपून राहिली
थे समजत नाही.
सुनेले विचारा लागते, झालं का वं?
थे म्हनते झालं.
मंग मी उतरवतो."
मग जरा थांबून,
"तिचं नाक चांगलं हाये. पन थे तिचं नाक."

उमाळकर म्हणाले, वास मोजायचं साधन महाग.
किनखेडे म्हणाले, यादी लांबली तर भरणार कोण?
खरं होतं ते. रकाने मीच भरते,
नऊ वर्षं, ओपीडी संपल्यावर, उभ्यानं.

चहाच्या सुट्टीत मी खाली गेले.
निळं रजिस्टर, तीन वर्षांपूर्वीचं.
हेडाऊ अनसूया, वय एकावन्न.
नजर सुधारली. गळती नाही.
पाचव्या दिवशी सुट्टी.
शेरा: परिणाम उत्तम.
अक्षर माझंच. उकाराची शेपटी मी अशीच लांब ओढते.

खोटं काहीच नव्हतं त्यात.
रकाने होते तेवढं सगळं खरं.
सुट्टीच्या कागदावर सही करताना
तिनं विचारलं असेल, वास कवा येईन?
मी म्हटलं असेल, येईल, येईल.
किंवा विचारलंही नसेल.
ते कुठं लिहिलेलं नाही.

दुसरी फेरी. बावीसातले पंधरा हात.
अडुसष्ट.
एका हाताची कसर.
मी पेन टेबलाखाली धरलं होतं
आणि हात वर जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं धरला होता.
टिपणात लिहिलं: ओळ एकेचाळीस,
निर्णय पुढच्या बैठकीत, दिवाळीनंतर.

फाटकाशी त्या चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळत होत्या.
डोळे तेवढे बाहेर.
"झालं का वं?"

नाही, म्हटलं. अजून नाही.

त्यांनी मान हलवली,
पिशवीतून मसाल्याची एक पुडी काढून माझ्या हातात दिली,
आणि म्हणाल्या, "सांगजो मले, कसा झाला थे,"
आणि ऊन उतरायची वाट न पाहता
बसथांब्याकडे निघाल्या.