सहायक क्रियापदं

घोरपडे पेठेत मनपाच्या शाळेचा तिसरा मजला,
बाक चौथीच्या मुलांचे,
त्यात गुडघे दुमडून बसलेली माझी रात्रीची माणसं.
ट्यूबलाइट एकच. झटका दिला तर पेटू शकते,
म्हणजे कॅन. इथूनच मी सुरुवात केली.

कॅनला अंगात जोर लागतो, मेला परवानगी,
असं मी म्हणाले आणि वर्ग खदखदला.
"मेला? त्याला कशाला परवानगी, मॅडम?"
मीही हसले. ओव्हाळबाई हसल्या नाहीत.
तांबोळी पार्सलं पोचवतो, त्याला लगेच समजलं:
"सोसायटीची लिफ्ट, मॅडम.
आय कॅन. आय मे नॉट."
रोज आठ मजले चढतो तो.
त्याला दहापैकी दहा दिले
आणि फळा पुसायला वळले, पुसलेलाच.

शुडसाठी शाळेच्या गेटवरची पाटी पुरते:
वाहने लावू नयेत.
कुणी ऐकेना, म्हणून खाली लाल रंगात:
हवा सोडली जाईल.
वरचं शुड, खालचं विल.
दोन्हींच्या मधोमध ढमढेऱ्यांची स्कूटर.

मस्ट शिकवावं लागलंच नाही.
सगळे ते घरून घेऊन आले होते.

ओव्हाळबाई शेवटच्या बाकावर.
वही आणत नसत. औषधाच्या दुकानाचं एक बिल,
त्याच्या पाठीवर दोन शब्द,
घडीवर पुसट झालेले: कुड हॅव.
"हे कधी येणार?" दर तासाला विचारायच्या.
मी म्हणायचे, येईल. पान एकोणसत्तर.

ते पान आलं एका गुरुवारी.
आय कुड हॅव कम: मी येऊ शकले असते.
"पण आलात का?"
नाही.
"म्हणजे शेवटी नाहीच."
नाहीच. पण जमलं असतं.

त्या बिलाकडं बघत राहिल्या.
"दोन डॉक्टर बोलत होते जिन्यात.
मी दिसले तसा आवाज बारीक केला
आणि इंग्रजीत नेला.
पुढचं निसटलं. एवढंच धरून ठेवलं, पाच वर्षं."
कुणाबद्दल, ते सांगितलं नाही त्यांनी.
तांबोळीनं मोबाइल उलटा ठेवला.

मी व्याकरणाच्या मागं लपले.
म्हणाले, ही सहायक क्रियापदं, बाई,
एकटी उभी राहत नाहीत.
पुढचा शब्द नसेल तर अर्थ लावता येत नाही.
पावसाबद्दलही बोलत असतील. चहाबद्दल असेल.
"असेल," त्या म्हणाल्या,
"हे माइट ना, मॅडम?"
बरोबर, मी म्हणाले. माइट.

"आणि हा कागद टाकवत नाही मला.
टाकवत नाही, याला काय म्हणायचं?"
मी फळ्यावर लिहिलं: टाकवत नाही.
पुढं बरोबरचं चिन्ह काढलं.
कॅनॉट? पण हातात जोर आहे, बोटं उघडतात.
मे नॉट? कुणी अडवलेलं नाही.
मस्ट नॉट? कुणी बजावलेलंही नाही.
वीस वर्षं शिकवतेय मी ही बारा-तेरा क्रियापदं,
हातात खडू होता, मोठा, नवा.
साडेनऊला शिपाई किल्ल्या वाजवत आला
तेव्हा चिन्हापुढं अजून काही नव्हतं.

खाली ढमढेऱ्यांचा आरडाओरडा.
लाल अक्षरांनी शब्द पाळला होता,
दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली.
"स्वारगेटचा पंप उघडा असेल," तांबोळी म्हणाला,
आणि यावेळी कुणी विचारलं नाही
की हे माइट का विल.
ढमढेऱ्यांनी हँडल धरलं,
ओव्हाळबाईंनी बिल ब्लाउजात खोचलं,
पदर खोचला
आणि मागून जोर लावला.