सुरक्षित वाचन

फरझाना बी सीडी घेऊन आली
ओढणीच्या टोकात गुंडाळून, भाकरी बांधावी तशी.
म्हटलं, बाई, कापडानंच ओरखडे पडतात.
वर काळ्या पेननं: अब्बा, क्लॅरिनेट, लातूर, २००४.
‘मोबाइलात टाकून द्या, बस. लई वेळ लागतो का?’

दोन मिनिटांत होतं.
दोन मिनिटांत जे होतं, ते मला करायचं नव्हतं.

उदगिरात लग्नसराईतली दुपार.
लाइटीचा भरवसा नाही म्हणून
आधी इन्व्हर्टरमधलं पाणी बघितलं,
मग सीडी पुसली:
मधून काठाकडे, सरळ. गोल पुसायची नसते.

वेग चार.
ड्राइव्हवर बावन्न लिहिलंय, लिहू द्या.
बावन्नच्या वेगानं वरात पळवली
तर वाजवणारा मागं राहतो.

कॅशे बंद. नाहीतर दुसऱ्यांदा विचारलं
की ड्राइव्ह चकतीकडे बघतच नाही,
मघाचंच उत्तर पाठ म्हणून दाखवतो.
कोर्टात पढवलेला साक्षीदार मी बघितलाय,
आमच्या बांधाच्या दाव्यात. अगदी तसा.

‘चुका मी स्वतः कळवीन’ असंही एक खातं असतं,
तिथली खूण काढली.
त्या खात्यावर मी दोन वर्षं विसंबलो होतो
आणि लोकांना खरखर विकली होती.

आवाज सारखा करायचा चौकोन रिकामा.
हमीदसाब जिथं हळू वाजवतील तिथं हळूच.
ऑफसेट सहाशे सदुसष्ट:
हा ड्राइव्ह इतके सॅम्पल चुकून वाचतो,
पापणी लवायच्या कितीतरी आत संपणारी चूक.
कुणाला ऐकू येणार नाही.
मला आकडा माहीत आहे, हीच अडचण.

फॉरमॅट फ्लॅक.
मोबाइलासाठी एमपी थ्री नंतर त्यातूनच काढू,
तुकड्यातून अख्खं काढता येत नाही.

मग इंटरनेटवर पडताळा:
ही चकती अजून कुणी वाचलीय का?
सिनेमाच्या सीडीला शेकडो जण हो म्हणतात.
हिला कुणीच नाही.
लातूरच्या स्टुडिओतल्या पोरानं एकच जाळली होती.
अशा वेळी आपणच दोनदा वाचायचं
आणि आपलं आपल्याशी जुळतंय का बघायचं.

जुळत गेलं. एक, दोन, तीन.
पहिल्या गाण्याच्या खुणेआधी
अकरा सेकंद पडून होती,
‘मोकळी जागा टाकून द्या’ असं ठेवलं असतं तर गेली असती.
ऐकली. पंखा. खुर्ची सरकल्याचा आवाज.
आणि एक माणूस:
‘थांब रे बाबा, पत्ती सुकलीय. भिजू दे.’

फरझाना बी काउंटरवरचे मोबाइल कव्हर बघत होती,
बघतच राहिली.
एक निळं कव्हर खाली ठेवून म्हणाली, ‘परत लावा.’
परत लावलं.
‘अजून काय बोलतेत का?’
‘नाही. पुढं वाजवतात.’

पाचवं गाणं जुळेना.
तीनदा वाचलं, तीन वेगळे आकडे,
दोन मिनिटं चौदा सेकंदांवर.
दुसरा ड्राइव्ह लावला, त्याचा चौथाच आकडा.
आता एक बटण उरतं,
आजूबाजूचं बघून मधलं भरून देणारं.
गुळगुळीत भरतं. कळत नाही.
मी तिला दोन्ही ऐकवलं.

तिनं भरलेलं ऐकलं नि हसलीच.
‘हे कोण वाजवतंय?
तिथं अडकतीच ती, पहिल्यापासून.
आमी पोरं तसंच नाचायचो,
एक पाय वर धरून, पुढं जायची वाट बघत.’

पन्नास रुपये घेतले.
पेन ड्राइव्हमध्ये गाण्यांशेजारी
वाचनाचा अहवालही टाकला.
‘हे काय?’
म्हटलं, पावती समजा.

त्यात खाली असं आहे:
गाणं पाच. जुळले नाही.
स्थान ०:०२:१४.
काही भरलेले नाही.