बी न धरणारं

एकतीस वर्षं मी फांद्या तोडल्या.
तारेला लागते म्हणून कडुनिंबाची,
लागेल म्हणून बाभळीची,
एकदा पारावरच्या उंबराचीही;
तेव्हा भिवराबाई दिवसभर बोलली नाही माझ्याशी,
अन् अंधार पडल्यावर विचारलं,
लाइन आली का.

रिटायर झालो त्या जूनमध्ये
हिंगणघाटच्या नर्सरीतून हा कांचन आणला.
उईके म्हणाला, संकरित आहे जी, बी धरत नाही.
जगात असतील तेवढे सगळे
कुणीतरी हातानं बांधलेल्या गुटीतून आलेले.
एसटीत मांडीवर घेऊन बसलो.
कंडक्टर म्हणाला, याचं हाफ फाडू का?

कवडू कुंपणावरून:
"काय लागते याले?"
फूल.
"मंग?"
मग काही नाही.
"शेंग नाही?"
नाही.
"मंग याले झाड कायले म्हनता?"

आमची माती उन्हाळ्यात बोट जाईल एवढी तडकते.
बुडाशी माठ पुरला, भोकातून सुताची वात काढली.
शकुन म्हणाली, देवापुढे कधी लावली नाही तुम्ही.
पण मे तापला तेव्हा
तिनंच जुनी साडी काढून दिली, चार काठ्यांवर बांधायला.
काठाला मोर होते.
दुपारभर मोर त्याच्या पानांवरून सरकत.

दुसऱ्या दसऱ्याला पोरांनी ते ओरबाडलं.
पान मधोमध दुभंगलेलं, आपट्यासारखं,
फक्त तळहाताएवढं मोठं.
रात्री दाराशी रांग लावून
माझंच सोनं मला देऊन गेली.
घेतलं. पाया पडत होती, काय करता.
अंगणात झाडाची नुसती काडी.

तिसऱ्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत, फूल आलं.
जांभळं म्हणता येणार नाही,
अंबाडीच्या सरबतात शाईचा थेंब पडावा, तसं.
वेचायला निघालेल्या बाया थांबल्या.
पंचफुलानं पडलेली पाकळी उचलली,
रिकाम्या ओटीत टाकली,
अन् उशीर झाला म्हणून पळाली.

यंदा पावसाळ्यात नवा लाइनमन आला, कोयता घेऊन.
पोरगा चांगला आहे.
"काका, तारेला लागते."
लागतेच. मला काय सांगतो.
त्याच्याकडून शिडी मागून घेतली,
त्याच फांदीची साल बांगडीएवढी सोलली,
ओलं शेवाळ, प्लास्टिक, सुतळीच्या दोन गाठी.
दीड महिना थांब, म्हटलं.

थांबला तो.
तेवढ्यात दोनदा लाइन गेली.
दुसऱ्यांदा गेली तेव्हा, मिट्ट अंधारात,
कुंपणापलीकडून कवडूचा आवाज:
"मुळं फुटली का?"