पाऊण इंच

हातोडीनं छत वाजवत जायचं, वीत वीत.
टण्. टण्. टण्.
मग एकदम भद्द.
तिथे खडूनं गोल.

ऐरोलीतली इमारत. खिडकीत तिवरं, तिवरांमागे खाडी.
मालशे बाई विचारतात, "परवाच रंग दिला, तरी?"
रंगाचं काही चुकलं नाही बाई.
मीठ वाऱ्यावर येतं,
बेल वाजवत नाही.

छिन्नी. खपली. धूळ.
आत दहाची सळई, सहाची भरेल जेमतेम,
आणि गंज मात्र दुपटी-तिपटीनं फुगून
काँक्रीटला म्हणतोय, सरक.

बाटलीतलं औषध फवारलं.
धड काँक्रीट गुलाबी होतं, लग्नातल्या फेट्यासारखं.
सळईभोवती काहीच झालं नाही.
नुसतं ओलं.

आणि तिथेच सापडली ती खडी,
करंगळीच्या नखाएवढी, सळईखाली,
जिथे कव्हर ब्लॉक हवा होता.

कमळव्वा पाडायची ते ब्लॉक,
पत्र्याच्या ट्रेमध्ये, वड्यांसारखे कापून,
ओल्यातच तारेचे दोन कान खोचून.
सात दिवस पाण्यात. मागितले तरी द्यायची नाही.
"अजून पानी पितेत," म्हणायची, "मागनं या."

त्या आठवड्यात ती गावी गेली, इंडीला,
आणि स्लॅब तर बुधवारी भरायचाच होता.
मी एकोणीस वर्षांचा, नवा फिटर.
मुकादम म्हणाला, खडी सरकव, कोण बघतंय.
सरकवली. ओणवा होऊन, एकेक.
खरंच कुणी बघत नव्हतं.

पाऊण इंच ठेवायचं होतं,
मी ठेवलं नखभर.
तेवढं अंतर खाडी चालत आली
चौतीस वर्षांत.

आता ब्रशनं घासतो, लोखंड चमकेपर्यंत,
मागची बाजूसुद्धा, जी कुणाला दिसत नाही.
जोडीला नवी सळई.
आणि तारेनं आवळून जस्ताची एक वडी:
ती आधी झिजेल,
सळईच्या वाटचं अंगावर घेऊन.

हाताखाली नवा पोरगा आहे, सुरवाड्यांचा यशोधन.
"काका, वर मसाला किती जाड?"
मी बोटाचं पेर दाखवत नाही.
टेप काढून देतो.

मालशे बाई चहा आणतात.
"आता किती वर्षं बघायला नको?"
खडी माझ्या खिशात आहे.
सांगावं म्हणतो.
चहात साखर जरा जास्तच झालीय.