शिवणीतली वाळू

दोह्याहून येऊन आज अकरा दिवस.
गंगावेशीत म्हशीखाली बसून
तातोबा गिऱ्हाइकाला सांगतो:
समुद्र दाराशी, पर वास न्हाई मासळीचा.
त्येच पाणी यंत्रात घालून गोड करत्यात,
आन् झाडागणिक एक नळी,
सलाईन लावल्यागत.

"आन् पोरगी?"

धार जरा चुकते,
पेल्याबाहेर फेस.
ती सातला कामावर जायची, म्हणतो,
मी अठराव्या मजल्यावर, काचंला नाक लावून.
खाली नुसतं ऊन. माणूस एक न्हाई.
हाक मारावी तर खिडकी उघडत न्हाई.

रात्री उंबऱ्याशी पायताण आपटतो.
शिवणीतनं अजून थोडी निघते,
पिठासारखी, फिकी.
रंकाळ्याकडनं ओला वारा.
बायको केरसुणी पुढं करते.

असू दे, म्हणतो,
उद्या काढू.