मिठाचा हात

तळं गोठलं की गावं जवळ यायची.
उन्हाळ्यात तेरा किलोमीटरचा वळसा,
हिवाळ्यात नुसतं समोर.
मी एका पायाने रेटत न्यायचे घसरगाडी,
पुढच्या बैठकीवर रक्तदाबाचं यंत्र,
तान्ह्या पोरासारखं शालीत गुंडाळलेलं.

पूर्व फिनलंडातल्या आमच्या त्या काठावर
एका वर्षात चार लाकूडतोडे गेले.
कुणी पन्नाशी गाठली नव्हती.
ओंडक्यावर बसले, छातीवर हात ठेवला,
उठलेच नाहीत.
लोक म्हणायचे, कामाने गेला.
मी म्हणायचे, जेवणाने,
पण मनात. मयताच्या घरी कॉफी पिताना
असलं मोठ्याने बोलत नाहीत.

ताहवोच्या गोठ्यात नऊ गाई.
घरावरचं छप्पर लोण्याच्या पैशांतून आलेलं,
आउनेचं लग्नातलं घड्याळसुद्धा.
राईच्या पावावर तो लोणी असं थापायचा
की चावल्यावर दातांचे ठसे मोजावेत.
"म्हणजे माझ्याच गाई मला मारणार?"
पारा होता एकशे नव्वदवर.
मी आकडा कागदावर लिहून दिला,
त्याने तो चुलीत घातला.

निघताना आउने अंगणापर्यंत आली,
पायात नवऱ्याचेच बूट.
"मीठ किती कमी करू?"
"त्याला कळणार नाही इतकं."

मग सुरू झाली चिमटीची चोरी.
पहिल्या आठवड्यात सूपातून एक चिमूट,
नाताळपर्यंत अर्धा चमचा.
खारवलेल्या माशाला रात्रभर पाण्यात बुडी.
मटणाच्या हंडीत सलगम वाढलं, गाजर वाढलं,
मटणाचे तुकडे ती वर मांडायची,
दिसायला तेवढेच.
पावावर आधी कुटलेल्या आंबट लिंगनबेरी,
लोण्याला टेकायला जागा नको म्हणून.
एकदा ताहवोने चमचा खाली ठेवला,
"आज सूप काहीतरी..."
"दाढ दुखतेय का तुझी?" आउने म्हणाली.
तो जेवला.

खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं मी पुष्कळ पाहिली.
न घातलेल्या मिठाला जागणारी ही एकच.

मार्चमध्ये एकशे बहात्तर.
मी काही बोलले नाही.
बर्फ तडकायच्या आत पलीकडे पोचायचं होतं.

आता माझंही सांगते. कबुली अर्धी देऊ नये.
दिवसाला अकरा घरं, अकरा दंड,
अकरा वेळा तेच: भाज्या खा, वेळेवर निजा.
आणि रात्री दिव्याखाली, उभ्यानेच,
कागदावरचं सॉसेज, सुरीच्या टोकावर लोणी,
सहावी कॉफी, सिगारेट.
एकटीसाठी ताट कोण विसळणार?
माझ्या दंडाला तो पट्टा कधी लागला नव्हता.
वेळ नव्हता म्हणायचे.
भीती होती.

सप्टेंबरात ताहवो नावेने आला,
बादलीभर बेरी घेऊन.
उंबऱ्यावरूनच त्याने टेबल पाहिलं,
सुरी, राखदाणी, तो तेलकट कागद.
"बसा," म्हणाला, माझ्याच घरात मला.
पट्टा उलटा बांधला, मग सुलटा.
रबरी फुगा दाबला
धार काढणाऱ्या हाताने, जपून,
जीभ दातांत धरून.
कानांत नळ्या घालून ऐकत राहिला.
"आकडा नाही कळत मला.
पण आमची थोरली गाय थकली
की तिच्या कुशीत असंच वाजतं."

नाव सोडताना वर न बघता बोलला,
"आउनेला सांगू नका.
पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

त्या रात्री मी बटाटे उकडले, सालीसकट.
फडताळातून ताट काढलं,
त्यावरची धूळ पुसली.
बसले.
डब्यातून चिमूट घेतली,
अर्धी परत टाकली.
बाहेर वल्ह्यांचा आवाज
बराच वेळ येत होता.