कॅलेंडरमागची भिंत

बँकेचा माणूस आला, बूट न काढता
चार फोटो काढून गेला.
त्याच्या कागदावर घर म्हणजे एक आकडा,
कर्जाला पुरेल इतका.

मग मोजणी. तातडीची फी भरूनही
तारीख लागली दीड महिन्यानं.
तिपाईवर यंत्र, बाभळीच्या खुंट्या, चुन्याची रेघ.
शेजारच्या तुरखडेंची न्हाणी
वीतभर या हद्दीत निघाली.
सह्या झाल्या. तुरखडेबाईनं चहासुद्धा दिला.
हद्द कळली. घर कळलं नाही.

उपकेंद्रात मी रोज बाळांची वजनं घेते.
काट्यावर भरलेलं बाळ
आतून धडधाकट असेलच, असं नाही.
म्हणून पुंजाराम मिस्त्रीला बोलावलं,
एका दिवसाची मजुरी आणि जेवण.

तो आधी घरात आलाच नाही.
अंगणात उकिडवा बसला,
काळ्या मातीच्या भेगेत तुराटी घातली.
हातभर गेली. आणखी गेली.
"खारपान हाये बाई. उन्हाळ्यात तोंड वासते,
पान्यात फुगते. वरचं घर काय करते,
थे पाहा लागते."

मग आत. भिंतीवर टिचक्या मारत,
बोटाला आलेला लोणा जिभेवर ठेवून थुंकत.
मधल्या खोलीत थांबला.
"गुल्हानेभाऊ, कॅलेंडर इतकं खाली कोन लावते जी?"

शेषराव गुल्हाने बोलले नाहीत.
कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं होतं.
मागे तिरपी भेग, खिडकीच्या कोपऱ्यापासून,
करंगळी जाईल एवढी.

पुंजारामनं खळ मागितली, वहीचं पान मागितलं.
भेगेवर आडवी पट्टी चिकटवली,
पेन्सिलीनं तारीख टाकली.
"फाटली त भित अजून चालून रायली.
नाही फाटली त थकून बसली.
पोया झाल्यावर पाहू."

दुसरं गिऱ्हाईक आहे, गुल्हाने म्हणाले.
असेल.
बयाण्याचे पैसे पिशवीतच राहिले.
लसीचा डबा घेऊन त्या दारावरून जाताना
मी आभाळ बघायची, मग भिंत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो.
पट्टी फाटली नव्हती, धडही नव्हती:
मधोमध फुगून चुरगळली होती,
दोन्ही बाजूंनी कुणी रेटल्यासारखी.
भेग मिटत आली होती.

पुंजाराम डोकं खाजवत राहिला.
गुल्हानेच म्हणाले, हळू:
"मी दर दिवाळीले बुजवतो.
दर चैतात उघडते."

मग आतून खुर्ची आणली,
फडक्यानं पुसली, माझ्यापुढं ठेवली.
"बसा. आता बोला किंमत."